दुकानात स्थिर, लाटेत अस्थिर

अमेरिकेत मिनेसोटापासून मिसुरीपर्यंत हौशी मासेमारांच्या अंगणात ट्रेलरवर चढवलेली चौदा-पंधरा फुटी अॅल्युमिनियमची होडी सर्रास दिसते. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा विमाने बांधणाऱ्या ग्रुमन कंपनीने पातळ पत्रा वळवून रिव्हेट मारण्याचे आपले कसब होड्यांकडे वळवले, आणि लाकडी होड्यांचे दिवस भरत आले. अॅल्युमिनियमचे वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. त्याच्यावर आपोआप बसणारा ऑक्साइडचा थर त्याला गोड्या पाण्यात गंजू देत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे रंगरंगोटीची कटकट नाही. धातूबद्दल फारसा वाद उरला नाही. वाद आहे तो तळाच्या आकाराचा. एक होडी परातीसारख्या सपाट तळाची, तिकडे तिला ‘जॉन बोट’ म्हणतात. दुसरीचा तळ मधल्या कण्याकडे दोन्ही बाजूंनी उतरत गेलेला, इंग्रजी व्ही अक्षरासारखा.

पहिल्यांदा होडी घेणारा बहुधा धक्क्याला बांधलेल्या होडीत उभा राहून पाहतो. सपाट होडी जागची हलत नाही. व्ही तळाची पाय ठेवताच एका बाजूला झुकते. निकाल तिथेच लागतो, आणि माझ्या मते तो चुकीच्या पुराव्यावर लागतो. रुंद, सपाट तळ एका कडेला दबला की त्या बाजूचा बराच भाग लगेच पाण्यात जातो आणि पाणी त्याला जोराने वर रेटते. उतरत्या तळाला हा आधार उशिरा मिळतो. थोडी कलल्यावर तिची बाजू पाण्यात बसते आणि मग ती आवरते. पण सपाट तळाला धरून ठेवणारे हेच बळ होडीला पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर ठेवू पाहते. पाणी आडवे असेल तर ठीक, लाटेने ते तिरपे झाले की होडीही तितकीच तिरपी. शिवाय तिचा पुढचा भाग बोथट आणि बुटका असतो. लाट कापली जात नाही, तळावर आपटते, कधी सरळ आत येते. व्ही होडीची धारदार नाळ तीच लाट दोन्हीकडे सारते.

सपाट होडीचे समर्थक यावर म्हणतात, आम्ही लाटांत जातोच कुठे? मिसुरीकडच्या ओझार्क या डोंगराळ भागातल्या उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांबद्दल हे अगदी खरे आहे. ही होडी लाकडाची होती तेव्हापासून तिथलीच. वीतभर पाण्यात तरंगते, कमी ताकदीच्या इंजिनावर पळते, आणि दोघांनी उभे राहून गळ टाकायला भरपूर जागा देते. तिथे व्ही होडी आणणे म्हणजे जास्त पेट्रोल जाळून कणा दगडांवर घासणे. मोठ्या जलाशयावर मात्र सकाळच्या शांत पाण्याचा भरवसा दुपारपर्यंत टिकतो असे नाही. एरी सरोवराची सरासरी खोली जेमतेम १९ मीटर, म्हणून वारा सुटताच तिथे आखूड आणि उभट लाटा उठतात. आपल्याकडे मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. धरणाचे पाणीही गरीब नसते.

मधला मार्ग म्हणून पुढे टोकदार आणि मागे सपाट होत जाणारा तळ विकला जातो. तडजोड वाईट नाही, पण वाऱ्यात ती खऱ्या व्हीइतकी मऊ चालत नाही आणि उथळ पाण्यात सपाटीइतकी मोकळी फिरत नाही. विक्रेते हा ‘पण’ सहसा गाळतात.

आणखी एक मोह जागेचा. अमेरिकेत वीस फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींवर किती माणसे आणि किती वजन चालेल याची पाटी लावणे बंधनकारक आहे. ऐसपैस सपाट होडीत त्या आकड्यावर आणखी एक पाहुणा सहज सामावतो. मुळात तो आकडा चांगल्या हवेपुरताच धरायचा असतो. तिथल्या तटरक्षक दलाच्या २०२२ च्या अहवालात बोट अपघातांतल्या मृतांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बुडालेले होते, आणि त्या बुडालेल्यांपैकी ८५ टक्क्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. तळाचा कोणताही आकार ही उणीव भरून काढत नाही.

तेव्हा अरुंद नदी किंवा गवताळ डबके हेच तुमचे पाणी असेल, तर खुशाल सपाट होडी घ्या. पलीकडचा काठ दूर दिसत असेल तर झुकणारी, जरा महाग, जास्त पेट्रोल पिणारी व्ही घ्या. आणि पैसे मोजण्याआधी ते पाणी एकदा वाऱ्याच्या दुपारी काठावर उभे राहून पाहून या.