कोळणीची रिक्षा आणि सेकंदाला २४ फ्रेम्स: हसवणारं ॲनिमेशन बनतं कसं?

यूट्यूबवर ‘अमरॉन क्ले ॲड’ असं सर्च करून बघा. मातीचे ठेंगणे बाहुले, गाड्या, धमाल आणि शेवटी बॅटरी. तुम्ही आता विशीत असाल तर या जाहिराती टीव्हीवर लागायच्या तेव्हा तुम्ही फार लहान होतात. पण आजही त्या बघताना हसू येतं. का येतं, आणि असं हसवून पोट भरतं का, हे दोन प्रश्न आज सोडवू.

या जाहिरातींमागचा माणूस म्हणजे सुरेश एरियाट. अहमदाबादच्या एनआयडीत शिकले आणि मुंबईत आले. महालक्ष्मीच्या फेमस स्टुडिओजमध्ये त्यांनी ॲनिमेशनचा विभाग उभा केला. एमटीव्हीवरचा ‘पोगा’ आणि विमा कंपनीच्या जाहिरातीतला काळजीवाहू ‘चिंतामणी’ ही पात्रं त्याच काळातली. २००९ मध्ये त्यांनी पत्नी नीलिमा यांच्यासोबत ‘स्टुडिओ ईकसॉरस’ सुरू केला.

विनोद मोजता येतो

सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम्स, म्हणजे २४ स्थिर चित्रं असतात. स्टॉप मोशनमध्ये बाहुली थोडी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. सहसा एक पोझ दोन फ्रेम्स ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ पोझ. एका मिनिटाला ७२०. इंजिनिअर म्हणून मला हा हिशोब बघूनच घाम फुटतो, कारण यात ‘अनडू’ नाही. ४०० व्या पोझला बाहुलीला धक्का लागला की संपलं.

पण या कष्टातूनच टायमिंगवर ताबा येतो. मी राहतो त्या खारदांड्यातलं उदाहरण घ्या. बांबूवर बोंबील वाळत घातलेत. मांजर बोंबलाकडे बघतं, मग तुमच्याकडे बघतं, मग उडी मारतं. तुमच्याकडे बघून ते सहाच फ्रेम्स थांबलं, म्हणजे पाव सेकंद, तर ते बघणं तुमच्या लक्षातही येणार नाही. १८ फ्रेम्स थांबलं तर त्याच्या मनातलं पाप तुम्हाला कळतं आणि उडीआधीच हसू फुटतं. ७२ फ्रेम्स थांबलं तर तुम्ही स्क्रोल करून पुढे गेलेले असता. चित्रं तीच, फक्त थांबण्याची लांबी वेगळी.

तीस सेकंदांच्या जाहिरातीत ७२० फ्रेम्स मिळतात. त्यात पात्राची ओळख, गडबड, विनोद आणि वर कंपनीचं नाव. एकही फ्रेम वाया घालवून चालत नाही.

पण पैसे कुठून येतात?

हसवणाऱ्या ॲनिमेशनला आपल्याकडे कधीच सरळ तिकीटबारी मिळाली नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचवल्या, पण त्यांचं घर चालायचं पौराणिक चित्रपटांवर. १९५६ पासून पेडर रोडच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात सरकारी पगार होता. तिथे राम मोहन यांच्यासारखे कलाकार घडले. त्यांनी पुढे स्वतःचा स्टुडिओ काढला, जाहिराती केल्या, ‘दो और दो पाँच’सारख्या हिंदी सिनेमांची गमतीदार ॲनिमेटेड टायटल्स केली.

एरियाट यांचं गणितही तसंच आहे. जाहिरातींवर स्टुडिओ चालतो, आणि त्याच स्टुडिओत स्वतःच्या फिल्म्स बनतात. ‘फिशरवुमन अँड टुक टुक’ला २०१५ सालचा ॲनिमेशनचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘टोकरी’ला २०१७ सालचा, दुसऱ्या एका फिल्मसोबत विभागून. ‘टोकरी’ मातीच्या बाहुल्यांची आहे, पण तिथे हसू मागे पडतं: वडिलांचं घड्याळ मोडलेली मुलगी रस्त्यावर टोपल्या विकते. २०२५ मध्ये त्यांच्या ‘देसी ऊन’ला फ्रान्सच्या ॲनेसी महोत्सवात, म्हणजे ॲनिमेशनच्या सगळ्यात मोठ्या जत्रेत, कमिशन्ड फिल्म गटाचा ज्युरी पुरस्कार मिळाला. विषय देशी मेंढ्यांची लोकर!

म्हणजे क्लायंटचं काम हा वाया गेलेला वेळ नव्हता. हात तिथेच तयार झाला, आणि भाडंही तिथूनच निघालं.

हसायचं कोणावर?

आता ‘फिशरवुमन’कडे येऊ. मच्छी विकणाऱ्या बाईला माशाच्या पोटात मोती मिळतो आणि ती तिचं जुनं स्वप्न पूर्ण करते: स्वतःची रिक्षा. पुढे ती रिक्षा जो धुमाकूळ घालते ती खरी कॉमेडी.

बाहेरच्यांना ही मजेशीर कल्पना वाटेल. आमच्याकडे तिला आणखी एक धार आहे. पाटी घेऊन उभ्या असलेल्या मावशीला बघून रिक्षावाला वेग वाढवतो, कारण सीटला वास लागेल. हे दांड्यात कोणालाही विचारा. जी रिक्षा तिच्यासाठी थांबत नाही, तिचीच ती मालकीण झाली, यात सगळं उपहासाचं बळ आहे. भाषण एकही नाही.

रील्समध्ये कोळीण बहुतेक वेळा भांडकुदळ, मोठ्या आवाजाची दाखवतात. तिथे ती स्वतःच विनोदाचा विषय असते. इथे विनोद तिच्या बाजूने आहे. दोन्हीकडे हसू येतं, पण दुसरं हसू तुम्ही त्या मावशीच्या शेजारी बसून हसू शकता. माझ्या मते उपहास बरा की वाईट हे ओळखायची हीच सोपी चाचणी.

फोनवर करून बघा

– ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’ किंवा चित्रं काढायची असतील तर ‘फ्लिपाक्लिप’ ॲप घ्या.
– फोन स्टँडवर घट्ट बसवा. तो हलला की सगळं जग हलतं.
– फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. नाहीतर कॅमेरा दर फोटोला उजेड बदलतो आणि व्हिडिओ लुकलुकतो.
– खिडकीचा उजेड टाळा, तो तासाभरात बदलतो. एक दिवा पुरे.
– सेकंदाला १२ फोटो, एकूण दहा सेकंद. म्हणजे फक्त १२० फोटो.
– मग एकच पोझ तीन वेगवेगळ्या लांबीची ठेवून घरच्यांना दाखवा. कुठे हसतात ते लिहून ठेवा.

‘एआय असताना एवढं कोण करणार?’ हा प्रश्न मला माहीत आहे. मी रोज एआय टूल्सवरच काम करतो. व्हिडिओ मिनिटांत तयार होतो हे खरं. पण प्रॉम्प्टमध्ये ‘फनी’ लिहिलं की टूल आधी हजारदा दिसलेली गंमत पुढे करतं, आणि त्यात भांडकुदळ कोळीणही येते. मांजर १८ फ्रेम्स थांबवायचं की २४, आणि रिक्षा कोणाच्या नावावर करायची, हे ठरवणारं कोणीतरी लागतंच. टूल कुठलंही वापरा, ते ठरवायला आधी शिका. १२० फोटोंत सुरुवात होते.