कमरेवरील 'जीवनद्वार'

धडगाव-अक्कलकुव्याकडील कुटुंबे ऊसतोडणीचा हंगाम संपवून गुजरातेतून परततात, तेव्हा कंबरदुखीचे रुग्ण आमच्याकडे वाढतात. सुया टोचून कंबर बरी होते काय, असे त्यांचे नातेवाईक विचारतात.

कमरेच्या दुसऱ्या मणक्याखाली, साधारणपणे बेंबीच्या मागे, 'मिंगमेन' अर्थात जीवनद्वार हा ॲक्युपंक्चरचा बिंदू आहे. दोन मूत्रपिंडांमध्ये देहाची मूळ उष्णता वसते, अशी जुन्या चिनी वैद्यांची धारणा होती. त्यामुळे कंबरदुखी, वारंवार लघवी, हातपाय गार पडणे यांवर तेथे सुई टोचीत, अथवा आपल्या दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीचा वाळका पाला पेटवून शेक देत. ही विद्या भारतात आणणारे डॉ. बसू १९३८ मध्ये सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यासमवेत वैद्यकीय पथकातून चीनला गेले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवरील उपायांत सुईउपचाराला स्थान दिले; पुरावा मात्र भक्कम मानलेला नाही. सुई निर्जंतुक, एकदाच वापरावयाची आणि हात प्रशिक्षित असावा, हे ओघानेच आले.

तथापि पाय बधिर होणे, लघवीवरील ताबा सुटणे, संध्याकाळचा ताप, वजन घटणे ही लक्षणे असल्यास प्रथम मणक्याची तपासणी हवी. एक ऊसतोड मजूर चार महिने नुसता शेक घेत राहिला. आमच्याकडे आणला तेव्हा त्याचा पाय उचलत नव्हता. निदान मणक्याच्या क्षयाचे झाले. क्षयाची औषधे सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात, हे त्याच्या घरी कोणासही ठाऊक नव्हते.