खान्देशातल्या शाळांच्या बदलत्या पाट्या

जुन्या धुळ्यात ‘गल्ली नंबर चार’ किंवा ‘गल्ली नंबर सहा’ एवढं सांगितलं की पत्ता पूर्ण होतो. १८१८ नंतर खान्देश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन जॉन ब्रिग्जनं धुळे हे मुख्य ठाणं केलं आणि जुन्या गावाजवळ आखीव पेठ वसवली. तिथल्या गल्ल्यांना आजही नंबरच आहेत. सरकारी शाळांचंही तसंच झालं. धुळ्यात काय नि जळगावात काय, पालिकेच्या शाळेला एक क्रमांक मिळायचा आणि पोरं त्याच नंबरानं शाळा ओळखायची. थोर पुरुषांची नावं पाटीवर नंतर चढली. आता पट घसरला की दोन-तीन शाळा एकत्र केल्या जातात. मधला एखादा नंबर गळतो आणि त्याची बातमीही होत नाही.

ज्या धुळ्यात आज पालिकेच्या शाळांना मुलं मिळवावी लागतात, त्याच धुळ्यानं एकेकाळी मुलांना शाळेत आणण्यासाठी कायद्याचा आधार घेतला होता. विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीनं १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. शिक्षण सक्तीचं करायचं की नाही, हे त्यानं नगरपालिकांवर सोडलं. सक्ती करायची तर खर्चाची सोयही पालिकेनं बघायची होती. साहजिकच बहुतेक पालिका गप्प बसल्या. जी मोजकी गावं पुढं आली, त्यांत सुरत, वांद्रे आणि साताऱ्याच्या जोडीला धुळे होतं. शहराच्या अभिमानाच्या गोष्टींत राजवाडे संशोधन मंडळाचं आणि विनोबांच्या गीता प्रवचनांचं नाव निघतं, ते योग्यच आहे. ही गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

त्यानंतर या शाळांचे मालक बदलत राहिले. १९२३ च्या कायद्यानं प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हाती आल्या. गावोगाव ‘लोकल बोर्डाची शाळा’ आणि शहरात ‘म्युनिसिपालटीची शाळा’. १९४७ च्या कायद्यानं शिक्षण मंडळं घट्ट केली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि बोर्डाची शाळा ‘झेडपीची’ झाली. २००३ मध्ये आधी जळगाव आणि मग धुळे महानगरपालिका झाली, तेव्हा पाटीवर ‘नगरपालिका’च्या जागी ‘महानगरपालिका’ आलं. दहा वर्षांनी राज्यानं पालिकांची शिक्षण मंडळं मोडीत काढायचं ठरवलं. शहराची हद्द वाढली की आणखी एक घोळ होतो. धुळ्यात २०१८ मध्ये वलवाडी, अवधान अशी गावं शहरात आली. अशा वेळी गावातली झेडपीची शाळा कुणी चालवायची, तिच्या शिक्षकांचा पगार कुणी काढायचा, हा कागदोपत्री खेळ सुरू होतो. छत गळत असेल तर ते तोवर गळतंच.

दात्याच्या नावानं शाळा उभी राहणं खान्देशाला नवं नाही. अमळनेरचे गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांचं नाव तिथल्या हायस्कूलला आहे, पुढं १९४५ मध्ये निघालेल्या कॉलेजलाही आहे. त्याच वर्षी जळगावात मूळजी जेठा महाविद्यालय निघालं. गावाच्या तोंडी ते ‘एम.जे.’ झालं. जळगावच्या ‘आर.आर.’ विद्यालयाचंही तसंच. माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील याच शाळेतल्या आणि नंतर एम.जे.च्या. आद्याक्षरांमागचं पूर्ण नाव विचारलं तर कित्येक माजी विद्यार्थी डोकं खाजवतील. प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० अशी जेमतेम सहा वर्षं एका शिक्षकानं नोकरी केली, छात्रालय सांभाळलं, मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढलं आणि मग सत्याग्रहासाठी राजीनामा दिला. पाटी प्रतापशेठांची राहिली, पण महाराष्ट्र तिला साने गुरुजींची शाळा म्हणूनच ओळखतो.

प्रतापशेठांचं नाव कायमचं लागलं होतं. आता ते मुदतीनं मिळतं. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं ‘दत्तक शाळा योजना’ आणली. कंपनीनं किंवा दानशूर व्यक्तीनं सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यायची, रोख पैसे न देता वस्तू आणि सेवा पुरवायच्या आणि तेवढ्या काळापुरतं हवं ते नाव शाळेला द्यायचं. दरपत्रकही ठरलं. मोठ्या महापालिकांत पाच वर्षांना २ कोटी, दहा वर्षांना ३ कोटी. ‘ड’ वर्गातल्या महापालिका, नगरपरिषदा आणि खेड्यांत पाच वर्षांना ५० लाख, दहा वर्षांना १ कोटी. जळगाव आणि धुळे दोन्ही ‘ड’ वर्गात. म्हणजे इथल्या शाळेवरचं नाव वर्षाला दहा लाखांत पडतं. एका अनुभवी शिक्षकाचा वर्षाचा पगार त्यात जेमतेम बसेल. मदतीला हरकत कुणाचीच नसते. पण पहिलीला एका नावाच्या शाळेत बसलेली मुलगी सहावीला दुसऱ्याच नावाच्या शाळेत असेल, तर दाखल्यावर कोणतं नाव घालायचं?

नामांतराचं एक उदाहरण मात्र खान्देशात मनापासून स्वीकारलं गेलं. १९९० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. लिहिता-वाचता न येणाऱ्या असोद्याच्या लेकीचं नाव पदवीच्या कागदावर आलं. वर्तमानपत्रांनी त्याचं लगोलग ‘कबचौउमवि’ करून टाकलं, ती गोष्ट वेगळी.

आता बंद शाळांबद्दल. सरकारी भाषेत शाळा सहसा बंद होत नाही, तिचं ‘समायोजन’ होतं. २०१७ च्या अखेरीस राज्यानं दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेवर शाळा जवळच्या शाळांत मिसळायचं ठरवलं. २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा आकडा पुढं आला, तो पंधरा हजारांच्या आसपास होता. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी ‘समूह शाळां’चे, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले. त्या पत्रात नमुना म्हणून दोन ठिकाणं होती: पुण्याजवळचं पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं, त्यामुळे हा नमुनाही खान्देशचाच. तोरणमाळला सातपुड्यातल्या पाड्यांवरची मुलं एका निवासी शाळेत आणली गेली. डोंगरातल्या पाड्यावर एकच शिक्षक असेल आणि पावसाळ्यात तोही पोहोचत नसेल, तर वसतिगृहासह चांगली शाळा हा सौदा वाईट म्हणता येत नाही. पण सहा-सात वर्षांचं पोर घरापासून तोडून ठेवायचं का, हा प्रश्न तिथल्या आईबापांनीच सोडवायचा आहे. पुण्या-मुंबईहून त्याचं उत्तर देणं सोपं आहे.

शहरात हे गणित निराळं आहे. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला. त्यानुसार पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. किलोमीटर नकाशावर मोजतात आणि नकाशाला ट्रक दिसत नाहीत. जळगाव शहर राष्ट्रीय महामार्गानं मधोमध कापलेलं आहे. महामार्गाच्या अलीकडची शाळा पलीकडच्या शाळेत मिसळली, तर अंतर नियमात बसतं. पण पहिलीतल्या पोराला एकटं पाठवायला आई धजत नाही. मग ती जवळच्या खासगी शाळेची फी भरते किंवा त्याला पोचवायला मोठ्या बहिणीची शाळा बुडवते. बहिणीची ही बुडालेली शाळा कुठल्याही पटावर नोंदली जात नाही.

पट घसरायची कारणं खान्देशात सगळ्यांना पाठ आहेत: इंग्रजी माध्यमाची ओढ, २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानं खासगी शाळांना मिळालेली मोकळीक, रिकामी राहिलेली शिक्षकांची पदं. पालिकेची तिजोरी हेही एक कारण आहे. जळगावात पालिकेची सतरा मजली इमारत स्टेशनवर उतरणाऱ्याला दिसते. याच पालिकेवर हुडको या सरकारी वित्तसंस्थेच्या कर्जापायी खाती गोठण्याची पाळी आली होती. हप्त्यांचा तगादा लागलेल्या पालिकेत शाळेच्या संडासाचं दार अंदाजपत्रकात शेवटच्या पानावर जातं.

मार्च २०२४ मधल्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, नव्या निकषांनी कमी पटाच्या शाळांची कोंडी आणखी वाढवली. मुलं कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून पालक मूल काढून नेणार. हे चक्र थांबवायला नुसता आदेश पुरत नाही. त्याच सुमारास राज्यानं आणखी एक प्रयोग केला. सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागांतून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली. पालकांना कोंडून सरकारी शाळा भरायची ही तऱ्हा टिकणारी नव्हतीच.

पाटी न बदलता शाळा बदलल्याचं उदाहरणही धुळ्याचंच आहे. न्यूयॉर्कमध्ये नोकरी केलेले धुळ्याचे हर्षल विभांडिक यांनी गावोगाव फिरून झेडपी शाळांत डिजिटल वर्ग उभे केले. काही वाटा ते देत, बाकीची वर्गणी गावानं काढायची. २०१६ च्या अखेरीस जिल्ह्यातल्या सगळ्या, म्हणजे अकराशेहून जास्त शाळांत ही सोय झाल्याचं जाहीर झालं. पडदे किती दिवस चालले, हा भाग निराळा. ज्या शाळेसाठी गावानं खिशात हात घातला, ती बंद करायला निघालेल्या अधिकाऱ्याला त्या गावाशी बोलावं लागतं, एवढं नक्की.

शाळा गेली तरी एक वस्तू जाता कामा नये, ती म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या नोंदींचं जनरल रजिस्टर. ते कायमचं जपायचं दप्तर आहे. जात पडताळणीसाठी अनुसूचित जमातींना १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा आजोबांच्या शाळेच्या नोंदीत सापडतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधमोहीम निघाली तेव्हा जुन्या शाळांची हीच रजिस्टरं उघडली गेली. त्यांवर ‘पूर्व खानदेश’, ‘पश्चिम खानदेश’, ‘लोकल बोर्ड’ असे जुन्या जिल्ह्यांचे आणि संस्थांचे शिक्के आहेत. शाळा दोनदा मिसळली, तिचं नाव तीनदा बदललं की नातवानं जायचं कुठं? आता प्रत्येक शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो, धुळ्याचा २७०२ नं आणि जळगावचा २७०३ नं सुरू होणारा. जुन्या गळालेल्या शाळांना तोही नाही.

म्हणून दोन्ही महापालिकांनी आणि जिल्हा परिषदांनी एक यादी जाहीर करावी: बंद झालेली किंवा मिसळलेली शाळा, तिची आधीची नावं, इमारतीचं आज काय चाललंय आणि रजिस्टर कुणाच्या कपाटात आहे. तोवर आपल्या घरातल्या जुन्या माणसांची नोंद आजच शोधून तिची सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेवा. शाळा मिसळली असेल तर महापालिकेच्या शिक्षण विभागात प्रशासनाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.