बीटलचं इग्निशन: आधी डेल्को, मग कॉइल

जुनी फोक्सवॅगन बीटल घेतलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कॉइल कुठली टाकू?" निळी, चमकदार, डब्यावर 40,000 व्होल्ट लिहिलेली. माझं उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात. कॉइल राहू द्या. आधी डिस्ट्रिब्युटर बघा. आपल्याकडचे जुने मिस्त्री ज्याला डेल्को म्हणतात, तोच.

का, ते सांगतो. पेट्रोलचं मिश्रण झटक्यात जळत नाही, त्याला थोडा वेळ लागतो. म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पडावी लागते. आता हिशोब बघा. 900 आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात 5.4 अंश फिरतो, 3000 ला 18 अंश. म्हणजे वेग वाढला की ठिणगी आणखी आधी हवी. हे काम डिस्ट्रिब्युटरमधली वजनं करतात. ती बाहेर फेकली जातात आणि टायमिंग पुढे सरकतं. पण गाडी निवांत, अर्ध्या ॲक्सिलरेटरवर चालली असेल, तर सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं आणि सावकाश जळतं. तेव्हा जास्तीचा ॲडव्हान्स लागतो, आणि तो वजनांना कळत नाही. ते कळतं कार्बोरेटरच्या व्हॅक्यूमला, एका बारीक नळीतून.

इथेच खरी निवड आहे. बॉशचा 009 हा बाजारातला लाडका डिस्ट्रिब्युटर. त्यात फक्त वजनं, व्हॅक्यूम नाहीच. दुसरा एसव्हीडीए, त्यात दोन्ही. 1600 इंजिनावर मूळचा 34 पिक्ट-3 कार्बोरेटर असेल, तर डोळे झाकून एसव्हीडीए घ्या. 009 लावलात तर सिग्नलवरून निघताना पाय दाबला की गाडी क्षणभर 'अं?' म्हणून अडखळते. व्हॅक्यूम लगेच काम करतो. वजनं आरपीएम वाढायची वाट बघतात. व्हॅक्यूमची सोयच नसलेले जोड-कार्बोरेटर टाकले असतील तर मात्र 009 चालतो, उगाच त्याला शिव्या घालू नका.

अडखळणं सहन होईल हो. पुढचं महाग पडतं. ते घालवायला लोक डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग थोडं आधी करतात. आयडलला गाडी छान वाटायला लागते. पण 009 चा पूर्ण ॲडव्हान्स 28 ते 32 अंशांत राहायला हवा. आयडलला वाढवलेलं वरतीही तेवढंच वाढतं. मग चढावर नॉकिंग सुरू होतं, आणि इंजिन मागे, वर पंख्याचा आवाज, त्यामुळे ते ऐकूही येत नाही. ह्या गाडीत पाणी नाही, डॅशबोर्डवर तापमानाचा काटाही नाही. त्यात 1970 पर्यंतच्या इंजिनांत ऑइल कूलर पंख्याच्या हवेच्या वाटेतच, तीन नंबरच्या सिलिंडरवर उभा असतो. सगळ्यात जास्त तापतो तो तीन नंबर. त्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर पडलं की इंजिन उघडावंच लागतं. 1971 पासून कूलर वेगळ्या घरात गेला, तरी म्हणून काही वाटेल तसं टायमिंग ठेवायची मुभा मिळाली नाही.

आणखी एक गोंधळ. मॅन्युअलमधला टायमिंगचा आकडा त्या इंजिनाबरोबर आलेल्या डिस्ट्रिब्युटरचा असतो. 1971 च्या दोन नळ्यांच्या डिस्ट्रिब्युटरला, नळ्या लावलेल्या ठेवून, टॉपच्या *नंतर* 5 अंश. हाच आकडा 009 ला लावलात तर गाडी मरतुकडी चालेल. एसव्हीडीएला नळी काढून, आयडलला टॉपच्या आधी 7.5 अंश, मग 3000 च्या वर नेऊन पूर्ण ॲडव्हान्स तपासायचा. म्हणून कॉइलच्या आधी टायमिंग लाइट घ्या.

आता कॉइल. डब्यावरचे 40,000 व्होल्ट विसरा. प्लगच्या गॅपला उडी मारायला जेवढं लागतं तेवढंच व्होल्टेज चढतं. बघायचा आकडा ओहमचा. 12 व्होल्टच्या बीटलला प्रायमरी साधारण 3 ओहमची हवी. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाकणार असाल तर नक्कीच, 1.5 ओहमच्या कॉइलवर ते जळतं. 1967 च्या आधीच्या बहुतेक गाड्या 6 व्होल्टच्या, त्यांचं सामान वेगळं.

पॉइंट की इलेक्ट्रॉनिक? चेतकचे सीबी पॉइंट घासलेल्यांना हे सांगायला नको: पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग मागे पडतं. गॅप 0.4 मिमी, ड्वेल 44 ते 50 अंश, कॅमवर चिमूटभर ग्रीस. मॉड्यूलला हे काही लागत नाही, पण इंजिन बंद आणि चावी ऑन राहिली तर जळू शकतं, आणि वायरी उलट्या लागल्या तर नक्की जळतं. मी स्वतः मॉड्यूल वापरतो.

प्लगचं थोडक्यात. अर्ध्या इंच रीचचे, 14 मिमी आट्यांचे, गॅप 0.6 ते 0.7 मिमी. फसगत आकड्यांत आहे: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये वाढला की गरम. दुकानदार "एकच आहे हो" म्हणाला तरी बघून घ्या.

आणि मॉड्यूल लावलंत तरी जुने सेट केलेले पॉइंट, कंडेन्सर आणि एक स्क्रू ड्रायव्हर डिकीत ठेवा. घाटात मॉड्यूल गेलं तर अर्ध्या तासात पॉइंट परत बसतात.