पोट फुगतं तेव्हा
गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडात बसलं की आखडलेल्या पोटाला बरं वाटतं. उबेने स्नायू सैलावतात, पण वायू कमी होत नाही. त्याचं मूळ बहुधा ताटात असतं. वाल, पावटा, हरभऱ्यातल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. म्हणून कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकावं. दूध सोसत नसेल तर काही दिवस बंद करून पाहावं. बद्धकोष्ठता आणि भराभर गिळणं हीही कारणं. मात्र वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, किंवा पन्नाशीपुढच्या बाईचं पोट आठवडेच्या आठवडे फुगलेलं असेल, तर ओव्यावर विसंबू नका. बीजाशयाच्या कर्करोगाचंही ते लक्षण असू शकतं. डॉक्टरांना लगेच दाखवा.