नडगी दुखते? आधी थांबा!

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची स्वप्नं पाहणारी मुलं अचानक धावणं वाढवतात आणि नडगी ठणकू लागते. ताण पडला की हाड आधी जुना भाग झिजवतं, मग नवा भरतं. भरण्याला आठवडे लागतात. तोवर धावत राहिलं, तर बारीक चीर पडते. १८५५ मध्ये प्रशियाचे लष्करी डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी सैनिकांचे असेच सुजलेले, दुखरे पाय नोंदवले होते.

नडगीवरून बोट फिरवा. एकाच जागी कळ आली, तर डॉक्टर गाठा. सुरुवातीला एक्स-रेत चीर बहुधा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. बरं व्हायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानं पोहा, दम टिकेल. दुखणं मात्र लपवू नका. आजची विश्रांती हीसुद्धा तयारीच आहे.