डर्बीला चाललात? हॅटसोबत नजरही घेऊन जा!

फेब्रुवारी उजाडला की तुमच्या फीडवर भल्यामोठ्या हॅट, फ्लोरल गाऊन, कडक सूट आणि मागे हिरवंगार मैदान असे फोटो झळकायला लागतात. बरोबर, महालक्ष्मी रेसकोर्सवरची इंडियन डर्बी! साधारणपणे फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होणारी. 'यंदा आपणही जायचं का?' असं ग्रुपवर कुणी टाकलं असेल, तर बिनधास्त हो म्हणा. पण नुसते सेल्फी काढून परत येऊ नका.

आधी कपड्यांचं बघा. मेंबर्सच्या भागात ड्रेसकोड कडक असतो, पब्लिक स्टँडला तेवढी कटकट नाही. तरी निघण्याआधी नियम वाचून घ्या. आणि शूज आरामदायी घाला, दिवसभर उभं राहायचंय.

आत गेलात की थेट पॅडॉक गाठा. प्रत्येक रेसआधी घोडे इथे गोल फिरवतात. जाणकार मंडळी इथेच घोड्याची चाल, कान, अंगावरचा घाम बघत असतात. लगाम धरून शेजारी चालणारा माणूस म्हणजे सईस. घोड्याचं खाणंपिणं, खरारा, सगळं तोच बघतो. उद्या पेपरात फोटो येईल तो मालकाचा आणि जॉकीचा. म्हणून आज तुम्ही सईसाकडेही बघा.

आता मुख्य रेस. १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी झाली आणि ती जिंकली 'प्रिन्सेस ब्युटिफुल' नावाच्या घोडीने! अंतर २४०० मीटर, वेळ जेमतेम अडीच मिनिटं. म्हणजे वेग ताशी ५७ किलोमीटरच्या आसपास. यात फक्त चार वर्षांचे घोडे धावतात. त्यामुळे कुठल्याही घोड्याला डर्बी आयुष्यात एकदाच मिळते. इथे एटीकेटी नाही, बॉस!

आणि पैसे? सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला, हे खरं. पण कौशल्य म्हणजे तुमचा पॉकेटमनी सेफ, असं नाही. टोटचं गणित समजून घ्या. सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमा होतात. त्यातून क्लबचा हिस्सा आणि कर आधीच कापला जातो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. समजा, शंभर जणांनी शंभर-शंभर लावले आणि वीस टक्के कापले, तर दहा हजारांतले आठच हजार परत येणार. कोण जिंकणार माहीत नाही, पण सगळे मिळून दोन हजार हरणार हे रेस सुटायच्या आधीच ठरलेलं! तेव्हा लावायचेच असतील, तर गेलेले चालतील तेवढेच लावा. 'पुढच्या रेसला वसूल करू' हे वाक्य मनात आलं की समजा, घरी जायची वेळ झाली.

मुख्य रेस सुटेल तेव्हा मात्र एक करा. फोन खिशात टाका. घोडे शेवटच्या वळणावर आले की अख्खा स्टँड उभा राहतो, अनोळखी माणसं एकाच नावाने ओरडायला लागतात आणि टापांचा आवाज पायाखाली जाणवतो. तो काही रीलमध्ये येत नाही. त्यासाठी तिथेच उभं राहावं लागतं.